कुपीतली चिमूटभर पावडर: पेप्टाइड प्रयोगासाठी तयार कसं करतात

गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. करंगळीएवढी काचेची कुपी, वर रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी आणि तळाला पांढुरका पापुद्रा. लेबलवर एक इंग्रजी नाव, '५ मिलीग्रॅम' हा आकडा आणि खाली बारीक अक्षरात 'केवळ संशोधनासाठी'. सोबत प्रश्न होता, "मावशी, तू लॅबमध्ये हेच करतीस ना? ह्यात पाणी किती घालायचं?" तो संभाजीनगरला शिकतो, संध्याकाळी जिमला जातो. कुपी तिथल्याच कुणाची तरी होती.

त्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ला आलेल्या मुलीने तशीच कुपी हातात धरून शब्दशः तोच प्रश्न विचारला, "मॅडम, ह्यात पाणी किती घालायचं?" तिला उत्तर द्यायला माझा अख्खा दिवस गेला. भाच्याला एका ओळीत दिलं: काही घालू नकोस, टोचूही नकोस. पण एका ओळीने त्याचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. म्हणून दोघांसाठी मिळून हे लिहिते आहे.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. तेव्हापासून 'पेप्टाइड' हा शब्द दवाखान्यातून थेट जिममध्ये आणि मोबाइलवरच्या जाहिरातीत जाऊन बसला. ही दोन्ही औषधं पेप्टाइडच आहेत. त्यामुळे कुपीतली कुठलीही पांढरी पावडर त्यांची बहीण वाटू लागते. घोळ तिथून सुरू होतो.

मुळात पेप्टाइड म्हणजे काय

गळ्यातली पोत डोळ्यांसमोर आणा. एका दोऱ्यात मणी ओवलेले. आपल्या शरीरात असे मणी मुख्यतः २० प्रकारचे असतात. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. कोणता मणी कोणत्या मण्यानंतर येतो, यावर ती पोत काय काम करणार हे ठरतं. थोडे मणी असले, साधारण ५०च्या आत, तर तिला पेप्टाइड म्हणायचं. त्याहून लांब आणि घड्या घालून बसलेली असली तर ते प्रथिन. सीमारेषा काही तासून काढलेली नाही. ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन दोन्हींच्या बांधावर बसतं.

एक पेप्टाइड तर मराठवाड्यातल्या प्रत्येक गोठ्याला ओळखीचं आहे. वासरू कासेला लागलं की म्हैस पान्हा सोडते, तो पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन म्हणजे फक्त ९ मण्यांची साखळी. व्हिन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकी शास्त्रज्ञाने ती १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवून दाखवली आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्हीतलं औषध, ३१ मण्यांचं. मौंजारोतलं टिर्झेपाटाइड ३९ मण्यांचं.

आज अशा साखळ्या यंत्रावर ओवतात. ब्रूस मेरीफिल्ड यांनी १९६३ मध्ये शोधलेली ही रीत, १९८४चं नोबेल तिच्यासाठीच. प्लॅस्टिकच्या बारीक कणाला पहिला मणी चिकटवायचा, मग एकेक जोडत जायचं. ३१ मण्यांच्या साखळीला ३० जोड लागतात. प्रत्येक जोड ९९ टक्के यशस्वी झाला असं धरलं, तरी शेवटी सगळे मणी जागच्या जागी असलेल्या साखळ्या सुमारे ७४ टक्केच निघतात. उरलेल्या २६ टक्क्यांत कुठे ना कुठे मणी गळालेला असतो. त्या निवडून बाजूला काढणं हे कारखान्यातलं महागडं काम. ही २६ टक्क्यांची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

गारेगार आणि कापूर: वितळू न देता सुकवणं

निवडून झालेलं पेप्टाइड पाण्यात असतं, आणि पाण्यात ते फार दिवस टिकत नाही. पाणीच हळूहळू जोड तोडतं, हवेतला ऑक्सिजन काही मण्यांना गंज चढवतो आणि जंतू तर टपलेलेच असतात. आपण चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे वाळवतो ते याच कारणाने. पाणी गेलं की नासणं थांबतं. पण पेप्टाइड गच्चीवर उन्हात घालता येत नाही. उष्णतेनेच ते बिघडतं.

यावरची युक्ती म्हणजे शीतशुष्कन. लॅबमध्ये सगळे त्याला 'लायोफिलाइज करणं' म्हणतात. आधी द्रावण गोठवायचं. मग भोवतालची हवा पंपाने ओढून घ्यायची. हवेचा दाब ६११ पास्कलच्या खाली गेला, म्हणजे नेहमीच्या दाबाच्या सुमारे १६५व्या भागाहून कमी झाला, की पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही. बर्फाची थेट वाफ होते. देवघरातला उघडा राहिलेला कापूर आठवा. तो वितळत नाही, ओघळत नाही, दिवसादिवसाने बारीक होत नाहीसा होतो. बर्फाचं इथे तसंच होतं. ती वाफ शेजारच्या आणखी थंड नळीवर जाऊन पुन्हा गोठते. शेवटी पावडरीला हलकीशी ऊब देऊन चिकटून राहिलेलं पाणीही काढतात. तरी थोडं उरतंच.

या रीतीने बनलेल्या पावडरीचा एक स्वभाव आहे आणि पुढची सगळी काळजी त्या एका स्वभावातून येते. जिथे बर्फाचे स्फटिक होते तिथे आता पोकळ्या आहेत. पावडर म्हणजे सूक्ष्म जाळीदार स्पंज. म्हणूनच ती पाण्यात चटकन विरघळते, आणि म्हणूनच हवेतली दमट वाफही तितक्याच चटकन पिते.

कुपी आल्यावरचा पहिला अर्धा तास

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४३-४४ अंशांवर असतो. कुरिअरचं खोकं उघडलं, आतल्या बर्फाच्या पिशव्या वितळलेल्या दिसल्या, की विद्यार्थ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. घाबरायचं कारण सहसा नसतं. कोरडं पेप्टाइड प्रवासातले काही दिवस बहुतेक वेळा सोसतं. आल्याबरोबर उणे २० अंशांवर, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवलं म्हणजे झालं.

खरी चूक पुढे होते. फ्रीजरमधून कुपी काढली आणि लगेच टोपी उघडली. श्रावणात फ्रीजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला बाहेरून कसा घाम फुटतो, ते रोज पाहतो आपण. तोच घाम उघड्या गार कुपीच्या आतल्या बाजूला फुटतो, आणि स्पंज तो पिऊन टाकतो. कारखान्याने दोन-तीन दिवस यंत्र चालवून काढलेलं पाणी आपण पाच मिनिटांत परत घातलेलं असतं. म्हणून कुपी बंदच ठेवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणारे दाणे घातलेल्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. अर्धा तास, मोठी कुपी असेल तर तासभर. हा अर्धा तास वाचवणारा विद्यार्थी पुढे चार महिने 'रिझल्ट का जुळत नाही' म्हणून डोकं धरून बसतो. मी स्वतः पहिल्या वर्षी बसले होते.

मग एक छोटा 'स्पिन' मारायचा, म्हणजे कुपी सेंट्रीफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवायची. पावडर इतकी हलकी असते की प्रवासात ती टोपीला, कडांना चिकटून बसते. टोपी उघडताना फुर्रकन उडूनही जाते. एक मिलीग्रॅम तर कित्येकदा डोळ्यांना दिसतच नाही. काचेवर धुक्यासारखा पापुद्रा असतो. "मॅडम, कुपी रिकामीच आली" अशी तक्रार मी वर्षातून एकदा तरी ऐकते. उलट, दुसऱ्या एखाद्या पेप्टाइडचा तेवढ्याच वजनाचा भुसभुशीत कापूस होऊन अर्धी कुपी भरलेली दिसते. दिसण्यावरून माल किती, ते ठरवता येत नाही.

५ मिलीग्रॅम म्हणजे ५ मिलीग्रॅम नव्हे

हा भाग लातूरच्या आडतीवर सोयाबीन विकलेल्या माणसाला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळेल. क्विंटलभर माल काट्यावर चढतो, पण खरेदीदार आधी दोन गोष्टी बघतो. मातेरं किती आणि ओलावा किती. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ साली पावसाने माल ओला राहिला तेव्हा सरकारने ती त्या हंगामापुरती १५ टक्के केली, त्यावरून केवढी चर्चा झाली होती. माल स्वच्छ आहे, मातेरं नाही, म्हणून तो कोरडाही आहे असं नसतं. हे दोन वेगळे आकडे आहेत.

पेप्टाइडसोबत येणाऱ्या तपासणीच्या कागदावरही असेच दोन आकडे असतात. एक 'शुद्धता'. पावडरीतल्या सगळ्या साखळ्यांपैकी बिनचूक साखळ्या किती, म्हणजे मातेरं सोडून दाणा किती, ते ती सांगते. दुसरा 'निव्वळ पेप्टाइड'. एकूण वजनातून ओलावा आणि मीठ वजा केल्यावर साखळ्यांचं वजन किती उरतं, ते.

मीठ कुठून आलं? बनवताना आणि निवडताना ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल वापरतात. लॅबमधलं त्याचं नाव टीएफए. साखळीवर जिथे जिथे धन विद्युतभार असतो तिथे ते चिकटून राहतं, दाण्याला माती चिकटते तसं. पण ही माती झटकून जात नाही. म्हणून शुद्धता ९८ टक्के असूनही निव्वळ पेप्टाइड ७० किंवा ८० टक्केच असणं ही रोजची गोष्ट आहे. यात विकणाऱ्याची लबाडी नाही, रसायनच तसं आहे. फसवणूक होते ती आपण कागद न वाचता स्वतःची करून घेतो तेव्हा.

प्रत्यक्ष हिशोब करून पाहू. अँजिओटेन्सिन-२ नावाचं ८ मण्यांचं पेप्टाइड रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढवतं. घराघरांत बीपीची टेल्मिसार्टन गोळी असते, ती याच पेप्टाइडची जागा अडवते. त्याचा रेणुभार सुमारे १०४६. कुपीवर ५ मिलीग्रॅम लिहिलंय, कागदावर निव्वळ पेप्टाइड ८० टक्के. म्हणजे आत पेप्टाइड ४ मिलीग्रॅम. १ मिलीमोलर द्रावण, म्हणजे एका लीटरला रेणुभाराइतके मिलीग्रॅम, करायचं तर एका मिलीलीटरला १.०४६ मिलीग्रॅम पाहिजे. ४ भागिले १.०४६, आलं ३.८२ मिलीलीटर. माझ्या विद्यार्थिनीने सरळ ५ला १.०४६ने भागलं होतं आणि ४.७८ मिलीलीटर काढलं होतं. तेवढं पाणी घातलं असतं तर द्रावण १ ऐवजी ०.८ झालं असतं. वीस टक्क्यांची चूक, आणि तीही अशी की पुढच्या प्रत्येक प्रयोगात गुपचूप सोबत चालते. नवीन लॉट आला, त्याचं निव्वळ पेप्टाइड ७० टक्के निघालं, की जुने आणि नवे आकडे जुळत नाहीत आणि दोष जातो प्रयोगातल्या पेशींवर.

"मग तराजूवर तोलून हवं तेवढं घ्यावं की!" असं कुणी म्हणेल. एक-दोन मिलीग्रॅम पावडर, पंख्याच्या वाऱ्याने उडणारी, स्थिर विद्युतमुळे चमच्याला चिकटणारी, तोलता तोलता ओल पिऊन जड होणारी. तोलू नये. शक्यतो अख्खी कुपीच विरघळवावी. अगदी नेमका आकडा हवा असेल तर अमिनो आम्लांचं विश्लेषण करून घ्यावं. साखळीत ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसिन हे मणी असतील तर २८० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजूनही चांगला अंदाज येतो.

पाणी, आंबट की डीएमएसओ

वसमतची हळद पाण्यात कालवा. पाणी पिवळं होतं खरं, पण थोड्या वेळाने तळाशी गाळ बसतो. तीच चिमूट फोडणीच्या तेलात टाका, रंग कसा खुलून येतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्याशी फटकून आणि तेलाशी सलगी करून असतं. पेप्टाइडचे मणीही असेच दोन जातींचे असतात. काहींवर विद्युतभार असतो, ते पाण्यात रमतात. काही तेलकट स्वभावाचे, ते पाणी पाहून एकमेकांना बिलगतात.

म्हणून पाण्याची बाटली हातात घेण्याआधी साखळी कागदावर लिहून भार मोजायचा. लायसिन आणि आर्जिनिन दिसलं की अधिक एक. ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्ल दिसलं की उणे एक. साखळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या टोकाला अधिक एक, शेवटच्या मोकळ्या टोकाला उणे एक. हिस्टिडिन कुंपणावर बसलेलं असतं, आम्लात अधिकच्या बाजूला झुकतं. बेरीज अधिक आली तर आधी साधं शुद्ध पाणी, नाही जमलं तर १० ते ३० टक्के ॲसिटिक आम्ल. बेरीज उणे आली तर पाणी, नाही जमलं तर थेंबभर विरळ अमोनिया. मात्र साखळीत सिस्टीन असेल तर अमोनियाच्या वाटेला जायचं नाही. तिथल्या गंधकाच्या कड्या एकमेकींत अडकून दोन साखळ्यांची एक होऊन बसते. बेरीज शून्याजवळ आणि निम्म्याहून जास्त मणी तेलकट असतील, तर पाण्यात वेळ घालवू नये. आधी अगदी थोड्या डीएमएसओमध्ये विरघळवायचं. या द्रावकाची पाण्याशीही मैत्री आणि तेलकटाशीही. पण त्याचा एक वाईट गुण म्हणजे तो सिस्टीन आणि मेथिओनिनला गंजवतो. ते मणी असतील तर डीएमएफ नावाचा त्याचा भाऊ वापरतात.

पाच मण्यांहून छोट्या साखळ्या सहसा काही कुरकुर न करता पाण्यात जातात. बाकीच्यांसाठी नियम आहेत, हमी नाही. म्हणून साखळी अवघड वाटली तर आधी न तोलता कणभरावर करून बघावं, सगळी कुपी पणाला लावू नये. आणि पहिला प्रयत्न खारट बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात, करू नये. साध्या पाण्यात किंवा उडून जाणाऱ्या आम्लात जमलं नाही तर ते पुन्हा गोठवून, सुकवून पावडर परत मिळवता येते. बफरमधलं मीठ मात्र सुकवलं की पेप्टाइडच्या बोकांडी बसतं ते बसतंच.

डीएमएसओमधलं द्रावण नंतर बफरमध्ये उतरवताना पिठलं आठवावं. उकळत्या पाण्यात बेसन एकदम लोटलं की गाठी. एका हाताने पेरत, दुसऱ्याने हलवत राहिलं की एकसारखं. थेंब थेंब सोडायचं, बफर हलता ठेवायचा. धुरकट दिसू लागलं की थांबायचं, तेवढंच त्या पाण्याचं पोट. आणि पेशींवर प्रयोग असेल तर शेवटच्या मिश्रणात डीएमएसओ सहसा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहील असा हिशोब ठेवायचा. शिवाय नुसत्या डीएमएसओचा एक वेगळा नमुना सोबत चालवायचा, नाहीतर परिणाम पेप्टाइडचा की द्रावकाचा हे कळणार कसं?

घरच्या आरओचं पाणी का चालत नाही

आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, त्यामुळे आरओचं पाणी म्हणजे शुद्धतेची हद्द वाटते. पिण्यासाठी ते ठीक. पण त्यात क्षार उरलेले असतात, धातूंचे अंश असतात आणि हेच अंश पेप्टाइडचा गंज वाढवतात. लॅबमधल्या अतिशुद्ध पाण्याची विद्युतरोधकता १८.२ मेगाओम-सेंटिमीटर असते, म्हणजे त्यातून वीज वाहून न्यायला जवळपास काही उरलेलंच नसतं.

दवाखान्यात मिळणाऱ्या, बेंझाइल अल्कोहोल घातलेल्या पाण्याबद्दलही विद्यार्थी विचारतात. त्यातलं ०.९ टक्के अल्कोहोल जंतूंना वाढू देत नाही, तसंच ते आपल्या प्रयोगातल्या पेशींनाही त्रास देऊ शकतं. पेशींच्या प्रयोगाला नको.

इतका सोवळेपणा कशासाठी?

कारण काही पेप्टाइडांच्या बाबतीत विरघळवण्याची रीत हीच प्रयोगाचं उत्तर ठरवते. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारं अमायलॉइड बीटा हे ४२ मण्यांचं पेप्टाइड घ्या. ते सुटं असताना एक वागतं, दहा-वीस साखळ्यांचे पुंजके झाले की वेगळं आणि लांब तंतू झाले की आणखी वेगळं. पावडरीतच काही पुंजके आधीपासून असतात. एका लॅबने ते मोडून घेतले, दुसरीने नाही, तर एकाच नावाच्या पदार्थाने एकीकडे चेतापेशी मरतात आणि दुसरीकडे काहीच होत नाही. म्हणून हे काम करणारे आधी एचएफआयपी नावाच्या जहाल द्रावकात सगळे पुंजके मोडतात, तो उडवून लावतात, आणि मग सगळे एका रेषेवरून सुरुवात करतात.

हलवण्याचंही तसंच. कुपी खूप जोरात घुसळली की फेस होतो. फेसाच्या बुडबुड्यावर साखळ्या गोळा होतात आणि तिथेच एकमेकींना धरून बसतात. हलकेच गोल फिरवावं. अडलंच तर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये थोडा वेळ, तेही गार पाण्यात. मग उजेडासमोर धरून पाहावं. धागे, गढूळपणा, जेलीसारखा थर यातलं काही दिसलं तर ते विरघळलेलं नाही, आपण फक्त पसरवलं आहे.

अजून एक चोरटी गळती असते. धनभाराची पेप्टाइडं काचेला चिकटतात, तेलकट असतात ती प्लॅस्टिकला. द्रावण दाट असताना हे कळत नाही. फार पातळ केलं की जे काही आहे त्यातला मोठा वाटा भांड्यालाच लागतो. म्हणून साठा दाट ठेवतात, पातळ ऐन वेळी करतात आणि न चिकटणाऱ्या खास नळ्या वापरतात.

वाटण्या, फ्रीजर आणि गेलेली वीज

विरघळलं की घड्याळ सुरू झालं. म्हणून त्याच दिवशी द्रावणाच्या छोट्या छोट्या वाटण्या करायच्या. लॅबमध्ये त्यांना ॲलिकॉट म्हणतात. एका प्रयोगाला एक नळी, उरलं तर टाकून द्यायचं, परत गोठवायचं नाही.

लोकांना वाटतं गोठवणं म्हणजे झोपवणं. लहानपणी सायकलवाल्याकडचं गारेगार चोखलेलं आठवत असेल. रंग आणि गोडवा आधी तोंडात येतो आणि हातात पांढरा फटक बर्फ उरतो. कारण गोठताना पाणी स्वतःचे शुद्ध स्फटिक करतं आणि बाकी सगळ्यांना कोपऱ्यात ढकलतं. त्या कोपऱ्यात पेप्टाइड, मीठ, आम्ल सगळे एकमेकांच्या अंगावर येतात. सोडियम फॉस्फेटच्या बफरमध्ये तर एक क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि उरलेला द्रव चांगलाच आम्लधर्मी होतो. प्रत्येक गोठण्या-वितळण्यात पेप्टाइड या गर्दीतून जातं. घरगुती 'फ्रॉस्ट फ्री' फ्रीजर म्हणूनच नको. बर्फ साचू नये यासाठी तो आतून मधूनमधून स्वतःला गरम करतो.

आणि आपल्याकडे वीज जाते. शनिवारी रात्री गेली, रविवारी दुपारी आली, सोमवारी सकाळी फ्रीजर उणे २० दाखवतो, सगळं आलबेल. आत वितळून पुन्हा गोठलेल्या नळ्या काही बोलत नाहीत. यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. पेल्यात पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि तो पेला फ्रीजरमध्ये नळ्यांशेजारी ठेवून द्यायचा. नाणं वरच असेल तर निश्चिंत. तळाला गेलेलं दिसलं तर बर्फाचं पाणी झालं होतं आणि नळ्यांचंही. आमच्या फ्रीजरमध्ये तो पेला कायम असतो.

"९९ टक्के शुद्ध आहे, मग टोचलं तर काय होतं?"

हा भाच्याचा दुसरा मेसेज. विक्रेत्याने त्याला शुद्धतेचा आलेखही पाठवला होता.

तो आलेख खरा आहे असं धरून चालू. ९९ टक्के हा आकडा सांगतो की तपासणीच्या यंत्राला दिसलेल्या साखळ्यांपैकी ९९ टक्के एका जातीच्या आहेत. उरलेल्या एका टक्क्यात काय आहे ते तो सांगत नाही. मणी गळालेल्या साखळ्या आठवतात ना? शरीराची संरक्षणयंत्रणा अशा अर्धवट साखळीला परकी मानून तिच्यावर तुटून पडू शकते. कुपी निर्जंतुक आहे का, हे त्या आलेखात दिसत नाही. एंडोटॉक्सिनही दिसत नाही. हे जंतूंच्या कवचाचे तुकडे असतात. जंतू मेले तरी ते उरतात, रक्तात गेले तर थंडी-ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो. जंतू अडवणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून ते आरपार जातात. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या, १२१ अंशांनाही दाद देत नाहीत. काचेवरून ते घालवायचे तर २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. इतकं करून ते गेले का, हे वेगळ्या चाचणीने पाहावं लागतं. संशोधनासाठीच्या कुपीची ही चाचणी सहसा केलेलीच नसते, कारण चाचणीनळीला ताप येत नाही.

'केवळ संशोधनासाठी' या शब्दांचा अर्थ एवढाच आहे की माणसाच्या शरीरात जाण्यासाठी जे तपासावं लागतं ते इथे तपासलेलं नाही. माणसासाठी औषध बनवायला आपल्याकडे १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. ते शब्द छापून परवान्याची गरज टाळणारे विक्रेते जगभर आहेत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये असं लेबल लावून सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड विकणाऱ्या कंपन्यांना इशारापत्रं पाठवली होती.

"पण लसही पावडरच असते की"

भाचा हुशार आहे, त्याने हेही विचारलं. खरंच आहे. उपकेंद्रात बाळाला टोचतात ती बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस शीतशुष्क पावडरच असते, आणि आरोग्यसेविका ती आपल्यासमोर पातळ करते. पण पुढच्या वेळी तिच्याकडे नीट बघा. ती पातळ करायला त्या लसीसोबत आलेलंच द्रावण वापरते, एकीचं दुसरीला नाही. द्रावणही आधी थंड केलेलं असतं. कुपीची मुदत ती पाहते. पावडर विरघळली की कुपीवर वेळ लिहिते, आणि चार तासांनंतर आत कितीही डोस उरले असले तरी ती कुपी वापरत नाही. त्या कुपीमागे निर्जंतुक खोली आहे, प्रत्येक लॉटची तपासणी आहे आणि कारखान्यापासून पाड्यापर्यंतची शीतसाखळी आहे.

आमच्या विद्यार्थिनीच्या नळ्यांवर आता हे लिहिलेलं असतं: पेप्टाइडचं नाव, लॉट क्रमांक, निव्वळ पेप्टाइडनुसार काढलेली तीव्रता, कशात विरघळवलं, कोणत्या तारखेला, कुणी. बारीक पेनाने, पारदर्शक चिकटपट्टीखाली, कारण उणे २०च्या दहिवराने शाई पुसते.

भाच्याच्या फोटोतल्या कुपीवर लॉट क्रमांक नव्हता, मुदतीची तारीख नव्हती, बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. ते मी त्याला दाखवलं. रात्री त्याचा फोन आला, ज्याची कुपी होती त्याला फोनवर घेऊन, आणि आम्ही तिघं पाऊण तास बोललो.